डावीकडची खुर्ची

सून तीन दिवस दुकानात बसून शब्द गोळा करत होती. घरात दूध उतू जातंय, नवरा शर्टाचं बटण शोधत फिरतोय, पण हिचं डोकं मोबाइलमध्ये. फोटो दाखवायच्या त्या अ‍ॅपमध्ये 'खुर्ची' असं लिहायचं, खाली आपोआप जे शब्द उगवतील ते वहीत उतरवायचे, कुठला शब्द किती लोक शोधतात ते बघायचं आणि त्याच्यापुढे रेघा ओढायच्या.

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

"लोक काय शोधतात ते बघतेय, आई."

"मग मला विचार ना. चष्मा शोधतात, किल्ल्या शोधतात, आणि तुझा सासरा रोज सकाळी दुसरी चप्पल शोधतो."

सासऱ्यांनी मान वर केली नाही. ते वेताच्या खुर्च्या विणतात. तीस वर्षं ते जमिनीवर बसून लोकांच्या फाटक्या बैठका नीट करत आले, आणि सासूबाई त्यांच्या मागे रुंद हातांच्या खुर्चीत बसून दुकान चालवत आल्या. शाळा तिसरीत सुटलेली, पण त्या खुर्चीत बसल्या की गिऱ्हाईक आपोआप हळू बोलायला लागायचं. लग्नाच्या वर्षी नवऱ्याने ती स्वतःच्या हाताने विणून दिली होती. त्यानंतर त्याने काही दिलं नाही, पण ते जाऊ दे. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे. एकदा एक विमा विकणारा बसला होता. तो नंतर दुसऱ्या धंद्यात गेला म्हणतात.

वर्षभरात गिऱ्हाईक मात्र आटलं होतं. लोक प्लास्टिकच्या खुर्च्या घेतात, मोडली की फेकून देतात. म्हणून तर सुनेने हा मोबाइलचा उद्योग काढला होता.

"आई, 'खुर्ची दुरुस्ती' असं कुणी शोधतच नाही," ती वही मिटून म्हणाली.

"कुणीच नाही म्हणजे?"

"अकरा वेळा शोधलंय. त्यातल्या दहा वेळा मीच."

"मग शोधतात काय मेले?"

"'छोटी बाल्कनी'. 'जुनं फर्निचर, बाग'. आणि सगळ्यात जास्त रेघा आहेत 'मोडकी खुर्ची, फुलझाडं' याच्यापुढे. बैठकीला भोक पडलेली खुर्ची घेतात, भोकात कुंडी बसवतात आणि बागेत ठेवतात."

"आणि स्वतः बसतात कशावर?"

"बसत नाहीत. फोटो काढतात."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण दुकान रिकामं होतं आणि सुनेला नाही म्हणायला दुसरी युक्ती जवळ नव्हती.

सुनेने मग एक फोटो टाकला. म्हणजे एकात दोन. डावीकडे हेडमास्तरांची खुर्ची दुरुस्तीला आली तेव्हाची, मधोमध भगदाड आणि एक हात लोंबकळलेला. उजवीकडे तीच खुर्ची सासऱ्यांनी नीट केल्यानंतरची. ही खुर्ची म्हणजे सासूबाईंच्या खुर्चीची सख्खी बहीण, एकाच वेताच्या भाऱ्यातून दोघी झालेल्या. गुरुवारी चार वाजता हेडमास्तर ती न्यायला येणार होते. फोटोखाली सुनेने वहीतले सगळे शब्द ओतले: मोडकी, जुनी, बाग, फुलं, बाल्कनी. सासूबाईंनी चष्मा न लावता उजवी बाजू तेवढी बघितली आणि मान डोलावली. डावीकडच्या भोकाकडे बघण्यात त्यांना रस नव्हता. आयुष्यभर दुसरं काय बघितलं होतं त्यांनी?

दोन दिवसांत चार हजार लोकांनी तो फोटो जपून ठेवला.

"आई, फुलवेडी नावाच्या कुणीतरी फोटोखाली लिहिलंय. 'ही खुर्ची हवी आहे. फोटोत आहे तशीच. गुरुवारी येऊन नेईन.' काय उत्तर देऊ?"

सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या. "लिही. मिळेल. फोटोत आहे तश्शीच मिळेल. एक काडी इकडची तिकडे झाली तर दुकानाची पाटी उतरवू."

"आई, पण—"

"पण काय? तीस वर्षांत इथनं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं नाही. लिही म्हणते ना."

सुनेने शब्दन्‌शब्द तसंच लिहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. सासूबाई सांगत असताना मध्ये बोलायचं नसतं, एवढं ती शिकली होती. इकडे सासूबाईंनी मनात हिशेब केला. मास्तरांच्या खुर्चीसारखी दुसरी नवी विणायला नवऱ्याला किती वेळ लागतो? दोन दिवस. विषय संपला.

बुधवारी सकाळी सासरे नव्या खुर्चीसाठी वेत भिजत घालत होते, तेवढ्यात फुलवेडीचा दुसरा निरोप आला. 'कृपया काही नीट करू नका. भोक तसंच असू द्या. तो लोंबकळणारा हात तर फारच आवडला.'

सासूबाईंनी आधी चष्मा मागितला, मग पाणी.

"हिला डावीकडची हवी आहे?"

"तेच मी सांगत होते, आई. आणि डावीकडची तर बाबांनी उजवीकडची करून टाकली."

"मग नाही म्हणून टाक."

"पाटी उतरवायचं तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. सहाशे जणांनी त्या वाक्याला बदाम दिलाय."

सहाशे बदाम म्हटल्यावर बोलायलाच नको. पाटी उतरवायची तर शिडी लागते, आणि सासूबाई एकदा चढल्या की उतरत नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. दुकानात मोडकी खुर्ची शोधायला सुरुवात झाली. पण काम नसल्यामुळे सासऱ्यांनी वर्षभरात सगळं नीट करून ठेवलं होतं. शेजाऱ्यांचा झाडूसुद्धा. मोडकं म्हणावं असं घरात काही उरलंच नव्हतं, आणि जे होतं त्याच्याशी सासूबाईंचं लग्न झालेलं होतं.

तशी हुबेहूब खुर्ची एकच शिल्लक होती. गुरुवारी दुपारी सासूबाई तिच्यातून उठल्या, पदराने हात पुसले, खुर्चीचे, स्वतःचे नव्हे, आणि म्हणाल्या, "घ्या. मोडा."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "ही?"

"शब्द मी दिला. खुर्चीही माझीच जाईल. बघत काय बसलात?"

सासऱ्यांनी सुरी घेतली. अर्ध्या तासाने सासूबाई बघतात तर बैठक पहिल्यापेक्षा घट्ट.

"हे काय केलंत?"

"चार काड्या कापल्या. कड उसवायला लागली म्हणून पाच विणल्या."

"अहो, मोडायला सांगितलं होतं."

"हात वळत नाही तसा."

सुनेने मोबाइल जवळ धरून फोटो निरखला. "तसंही कापून चालणार नाही, बाबा. हे भोक कुणीतरी जोरात बसून पडलेलं आहे."

"मास्तर बसले होते," सासरे म्हणाले. "चांगले भरलेले आहेत. त्यांच्याएवढं कुणीतरी लागेल."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सून छताकडे बघायला लागली. सासरे सुरीकडे.

"बघू नका माझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. मग साडी खोचली आणि खुर्चीवर चढल्या.

पहिल्या उडीला काहीच झालं नाही. दुसऱ्या उडीला भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. सासूबाईंना राहवलं नाही. "बघितलंस? याला म्हणतात विणकाम. आहे का तुझ्या मोबाइलमध्ये?" तिसऱ्या उडीला मात्र कडाड्‌ असा आवाज झाला, सासूबाई कमरेपर्यंत आत गेल्या आणि खुर्चीचा डावा हात आपण होऊन लोंबकळला. अगदी फोटोसारखा. फरक एवढाच की फोटोत सासूबाई नव्हत्या.

"मी फुलवेडी," दारातून आवाज आला.

दारात रिकामी कुंडी घेऊन हेडमास्तरांची बायको उभी होती. तिने खुर्चीभोवती एक फेरी मारली.

"हीच. अगदी मनासारखी. कुंडी बसेल ना यात?"

"मी बसले ना," सासूबाई आतून म्हणाल्या. "कुंडी का नाही बसणार?"

"आमच्या घरी हुबेहूब अशीच होती हो. सहा महिने मी टपून होते, कधी मोडते आणि कधी फुलं लावते. मोडली, तर यांनी मला न विचारता कुठंतरी दुरुस्तीला देऊन टाकली. कुठे दिली तेही सांगत नाहीत."

मास्तरांची नीट केलेली खुर्ची कोपऱ्यात चादरीखाली उभी होती. सासरे सत्यवादी माणूस. त्यांनी तिकडे बोट करायला हात उचलला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मोडक्या खुर्चीच्या चार पायांमधून पाचवा पाय आला आणि त्यांच्या गुडघ्यावर बसला. सासऱ्यांनी तोंड मिटलं.

दोघांनी धरून सासूबाईंना बाहेर काढलं. पावणेचारला बाई मोडकी खुर्ची घेऊन गेल्या. चारला मास्तर नीट केलेली घेऊन गेले. सासूबाई स्टुलावर बसल्या. स्टुलावर बसलेल्या बाईशी गिऱ्हाईक मोठ्याने बोलतं, हे त्यांना दोन दिवसांत कळलं.

सोमवारी सकाळी हेडमास्तर पुन्हा दारात. हातगाडीवर सासूबाईंची खुर्ची, भोकात अजून ओली माती.

"बाई, आमच्या बागेत ही सापडली, या अवस्थेत. वर माती भरलेली. कुणा गाढवाचं काम आहे कळत नाही. आमच्या खुर्चीला जोडी होईल, नीट करून द्या. बायकोला बोलू नका. तिला चकित करायचंय."

"होईल ती आपोआप," सासूबाई म्हणाल्या.

सासरे तीन दिवस त्या खुर्चीवर वाकलेले होते. एरवी ते लवकर संपवतात. खुर्ची उभी राहिली त्याच दुपारी सुनेचा मोबाइल वाजला.

"आई, फुलवेडी. बागेतून खुर्ची चोरीला गेली म्हणतात. तशीच दुसरी मोडकी हवी आहे." सुनेने मोबाइल खाली ठेवला. "मास्तरांना नीट हवी, बाईंना मोडकी. आणि खुर्ची आपल्याकडे एकच. आता काय लिहायचं?"

सासूबाईंनी पायाने स्टूल बाजूला सारलं. खुर्ची भिंतीजवळ आपल्या जुन्या जागी ओढली, दोन्ही हातांवर हात ठेवले आणि सावकाश तिच्यात बसल्या.

"लिही दोघांना. काम चालू आहे म्हणावं."

"कुठलं काम, आई?"

"बसतेय ना मी. मास्तरांना सांग, पक्की झाली का ते बघतेय. बाईंना सांग, मोडतेय. दोन्ही खरंच आहे."

"आणि मोडायला किती दिवस लागतील म्हणून सांगू?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. सासऱ्यांनी मान वर केली नाही. या वेळी त्यांनी काड्या दुहेरी घातल्या होत्या.