पावणेतीनचं घर

हनीफभाई कामाच्या पहिल्या दिवशी काम करत नाहीत. झोपतात.

आणि तेही स्वतःच्या घरी नाही, ज्याचं काम घेतलं त्याच्या घरी. भर दुपारी येतात, चपला दाराबाहेर काढतात, तांब्याभर पाणी पितात आणि मधल्या खोलीत अंथरायला एक सतरंजी मागतात. घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. यांना दिवे, पंखे, गिझर, मोटारपंप मोबाइलवर चालवून द्यायला बोलावलेलं असतं. हनीफभाई पिशवी उशाला घेऊन डोळे मिटतात. कोणी काही विचारलंच तर डोळे न उघडता म्हणतात, "थांबा. घराले इचारू द्या."

दोन तासांनी उठून ते सांगतात की मागच्या खोलीचा पंखा तीन नंबरवर कुरकुरतो, न्हाणीचा नळ पूर्ण बंद होत नाही आणि घरातलं कोणीतरी दर पंधरा मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन परत येतं. हे सगळं खरं असतं. मग ते बटणांच्या पाट्या बघत फिरतात. ज्या बटणाभोवती बोटांचा काळा डाग जास्त, त्या बटणाला ते हात लावत नाहीत. "हे बटण या घराचं हाये," म्हणतात, "बाकीचे मशीनले द्या."

अकोल्याला जठारपेठेत त्यांचं छोटं दुकान आहे. आधी तिथे ते कूलर बनवायचे. पत्रा कापणं, खस भरणं, पंपाची मोटर गुंडाळणं, सगळं स्वतः. मग कूलर कारखान्यातून तयार येऊ लागले आणि हनीफभाई साठीच्या उंबरठ्यावर वायफाय शिकले. त्यांच्या मते दोन्ही धंदे एकच. "घरातल्या माणसाले बरं वाटलं पायजे, बस."

माझी खोली त्यांच्या दुकानाच्या वर आहे, म्हणून आमची ओळख. माझी कुसुमआत्या अमरावतीला एकटी राहते. तिचा मुलगा निखिल पुण्याला असतो. आत्याने पुण्याला यावं असा त्याचा आग्रह, आणि आत्याचं उत्तर ठरलेलं: तिथल्या गॅलरीत उभं राहिलं की दुसऱ्याची गॅलरी दिसते. शेवटी त्याने तोड काढली. घरात यंत्रणा बसवायची. खोल्यांमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर लावायचे. आई फिरती-सवरती असली की त्याच्या मोबाइलवर हिरवा ठिपका येणार, दिवसा चार तास घरात काहीच हललं नाही तर लाल, इंटरनेट तुटलं तरी लाल. हे नीट चाललं तर आत्या अमरावतीतच राहील. नाही चाललं तर सामान बांधायचं.

माझा या यंत्रांना तत्त्वतः विरोध होता, आणि आहे. आई कोणत्या खोलीत पाय ठेवते हे दुसऱ्या शहरातल्या फोनवर कळावं, ही काळजी नाही, पहारा आहे, असं मी निखिलला तासभर सुनावलं. माझं लहानपण चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं आहे, त्यामुळे मला तासभर सहज बोलता येतं. निखिलने सगळं चौकात मिळालेल्या पत्रकासारखं घेतलं, म्हणजे घडी करून खिशात टाकलं, आणि विचारलं की तिकडे कोणी चांगला माणूस आहे का.

मी हनीफभाईंना घेऊन अमरावतीला गेले. ते झोपले. आत्या हातात पोह्यांची बशी घेऊन त्यांच्या उठण्याची वाट बघत बसली. एखाद्या कारागिराला अशी झोप लागलेली तिने बघितली नव्हती, आणि तिला तो माणूस तिथेच आवडला.

पहिला महिना भांडणात गेला. आत्याचं भांडण राउटरशी होतं. झोपायच्या आधी ती घरातलं एकेक बटण बंद करत जायची, त्यात राउटरही. रात्रभर कोण वापरते त्याले, हा तिचा मुद्दा. पुण्याला लाल ठिपका, निखिलचा मला फोन, माझा हनीफभाईंना. ते बसने अमरावतीला गेले, घरभर हिंडले आणि देवघरापाशी थांबले.

"बाई, इथला दिवा बंद करता काय तुमी?"

"त्याले कोणी हात लावत असते काय, हनीफभाऊ?"

"मंग याले बी इथंच ठेवू. देवाच्या बाजूले. चिकटवून नाई, जराशीक दूर."

राउटर देवघराशेजारच्या फळीवर गेला आणि पुन्हा कधी बंद झाला नाही. पाडव्याला मी गेले तेव्हा त्याला कुंकवाचं बोट लागलेलं होतं. हनीफभाईंना सांगितलं तर म्हणाले, चांगलं केलं, त्याची रेंज वाढली असेल.

मग मे महिना आला.

आमच्याकडचा मे ज्यांनी बघितला नाही त्यांना एवढंच सांगते की दुपारी बारा ते पाच गाव असं काही नसतं. रस्ते पांढरे पडतात, कुत्री नाल्यांत उतरतात, आणि माणसं अंधाऱ्या खोल्यांत पडून अर्धवट झोपेत, अर्धवट जागेपणी, पाण्याखाली बोलल्यासारखं एकमेकांशी बोलतात. आत्या त्या वेळी मधल्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून बसायची. कूलर लावायची नाही. कूलरच्या आवाजात फोन वाजलेला ऐकू येत नाही, म्हणायची. निखिलचा फोन रविवारी यायचा. कूलर सातही दिवस बंद असायचा.

एका दुपारी पुण्याला लाल ठिपका गेला: चार तास हालचाल नाही. निखिलने आत्याला फोन लावला. तिचा मोबाइल नेमका आतल्या खोलीत चार्जिंगला, आवाज बंद होऊन पडलेला. मग त्याने शेजारच्यांना लावला. शेजारचे देशमुख, वय सत्तर, भर उन्हात भिंतीवरून उडी मारून आत आले आणि मागचं दार ढकलून बघतात तर आत्या सेन्सरच्या अगदी समोर बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडते आहे. चार तास फोडत होती. देशमुखांचा पाय मुरगळला. आत्याने त्यांना तेल दिलं, आणि कैऱ्याही.

निखिलने त्या रात्री निर्वाणीचं सांगितलं. असं पुन्हा झालं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात तो येईल आणि आईला घेऊन जाईल. तिकीट काढून ठेवलं. आत्याने लगेच मला फोन लावला. म्हणाली, कैऱ्यांचं काय करू, पुण्याले नेऊ काय भरणी.

हनीफभाई दुसऱ्याच दिवशी अमरावतीला गेले. सेन्सर उघडला, पुसला, परत लावला. मग नेहमीसारखे आडवे झाले, पण या वेळी झोपले नाहीत. कूलरच्या काळातलं थर्मामीटर पिशवीतून काढलं आणि भिंतीला टेकवून धरलं. नंतर स्वतःच्या काखेत धरलं. बराच वेळ दोन्ही आकड्यांचा विचार करत छताकडे बघत राहिले.

"हे मशीन डोळ्यानं नाई पाहत, बाई. गरमीनं पाह्यते. थंड्या भिंतीपुढं गरम माणूस आला, का त्याले समजते, कोणी हललं. आता तुमची भितच माणसायेवढी तापली. त्याले तुमी दिसूनच नाई राहिल्या."

"म्हंजे मी भित झाली काय?"

"मे महिन्यात सारेच होतात," हनीफभाई म्हणाले.

उपाय विचारला तर म्हणाले, करतो काहीतरी, माझ्यावर सोडा. आणि खरंच केला. दुसऱ्या दिवसापासून लाल ठिपका बंद. रोज दुपारी तीनच्या आसपास पुण्याला हिरवा ठिपका जाऊ लागला. निखिल खूश. पारा रोज चढत होता आणि ठिपका रोज हिरवा.

मला चैन पडेना. भिंती थंड झाल्या नव्हत्या. सेन्सर तोच होता. निसर्गाचे नियम अमरावतीतल्या एका घरापुरते बदलत नाहीत. एका दुपारी अडीच वाजता मी जिना उतरून दुकानात गेले. शटर अर्धं खाली होतं, आत पंखा फिरत होता. हनीफभाई टेबलाशी बसून फोनवर बोलत होते. समोर वही उघडी होती.

"काकाजी, संत्र्याच्या झाडाले पाणी आज देऊ नका म्हटलं न. उद्या द्या. आन् तुमी पेले काय पाणी? किती गिलास? खोटं बोलता. जा, पेऊन या, मी धरून राहिलो."

ते खरोखर फोन कानाला लावून थांबले. मग हसले, फोन ठेवला आणि दुसऱ्या मोबाइलवर एक बटण दाबलं. मोर्शीच्या एका घराचा ठिपका हिरवा झाला.

वहीत नऊ घरं होती. प्रत्येकापुढे वेळ. दीडचं हिवरखेड, अडीचची मोर्शी, पावणेतीनची अमरावती. म्हातारी माणसं, एकटी, मुलं पुण्याला, हैदराबादला, आखातात. ज्या घरांच्या भिंती तापल्या होत्या त्या नऊही घरांचं सेन्सरचं काम हनीफभाई करत होते. रोज, दुपारभर, एकेकाला फोन लावून. यंत्र तपासायला दिलेलं बटण ते खुशालीसाठी दाबत होते.

मी म्हटलं, ही फसवणूक आहे.

"कोणाची? पोराले खबर पायजे का माय चालून-फिरून राहिली. चालून राहिली. मी इचारून सांगतो. मशीन बिनाइचारता सांगते."

मी म्हटलं, पण त्याला वाटतं यंत्रणा चालते आहे. खोट्यावर उभं राहिलेलं चांगलं कामसुद्धा खोटंच, वगैरे. बरंच काही म्हटलं. हनीफभाईंनी ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं. पावणेतीनला एक मिनिट होतं.

"बेटा, जूनमदे भिती थंड्या होतात. मंग मशीनले दिसते सारं. तोवर नको सांगू. बाईले घेऊन जाईल थो." आणि त्यांनी फोन लावला. "हां बाई. कैऱ्याले मीठ सुटलं काय?"

त्या संध्याकाळी मी खोलीत येरझारा घातल्या. सांगितलं तर आत्याचं घर जाणार होतं. नाही सांगितलं तर मी त्या खोट्यात सामील. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बाजूने एकही ओळ सुचत नव्हती. शेवटी मी निखिलला फोन लावला आणि सगळं सांगितलं. भिंतीचं, थर्मामीटरचं, वहीचं, बटणाचं.

तो चिडेल, तिकिटाची आठवण देईल, असं वाटलं होतं. त्याने वहीतली अमरावतीची वेळ पुन्हा सांगायला लावली. मग विचारलं, "काय बोलतात ते आईशी?"

मी सांगितलं. कैऱ्यांचं मीठ. देशमुखांचा पाय. मोगऱ्याला किती कळ्या आल्या. दुपारी काय स्वप्न पडलं. आत्याला दुपारी तिच्या माहेरच्या विहिरीचं स्वप्न पडतं, हे मला त्या दिवशीच कळलं होतं.

"रोज?"

"रोज. पंधरा मिनिटं."

"माझ्याकडे दोन मिनिटांत विषय संपतात," निखिल म्हणाला. पलीकडे त्याच्या ऑफिसातली कुठलीशी घंटी वाजली आणि बंद झाली. "पावणेतीनची वेळ मी घेतली तर चालेल का? विचार त्यांना."

तिकीट रद्द झालं. मी सकाळी उड्या मारत जिना उतरले. आत्या घरातच राहणार होती, मुलगा रोज फोन करणार होता, आणि तेही सत्य सांगून. हनीफभाई पत्र्याचा एक तुकडा घासत होते. ऐकून म्हणाले, लय चांगलं झालं. पोराचाच हक्क हाये. मग वही काढली, पट्टी ठेवून अमरावतीवर सरळ रेघ मारली आणि पुन्हा पत्रा घासायला घेतला.

चार-पाच दिवसांनी दुपारी मी त्यांच्या दुकानावरून जात होते. शटर अर्धं खाली. वाकून बघितलं तर हनीफभाई टेबलाशी बसलेले. फोन हातात होता, कानाला नव्हता. पंख्याच्या वाऱ्याने वहीचं पान उलटत होतं आणि ते दर वेळी बोटाने परत जागेवर आणत होते. घड्याळात दोन सत्तेचाळीस.

मी विचारलं, तीनचं घर आत्ताच का नाही उरकत.

"नाई न. थो तीनले वाट पाह्यते. आधी लावला त घाबरते, काय झालं म्हणून." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "पंधरा मिनिटं काय, निघून जातात."

वर खोलीत आल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांच्या ओळखीत या माणसाने मला कितीतरी घरांच्या पंख्यांच्या कुरकुरी सांगितल्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी किती खोल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला मी त्यांना फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"बोल बेटा. कोणाचं बंद पडलं?"

"कोणाचं नाही."

"मंग काहून लावला?"

"असाच. जेवलात का?"

पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. माझ्या पायाखालच्या फरशीतूनही तोच आवाज येत होता, एक मजला खालून. मग खुर्ची सरकल्यासारखं झालं.

"जेवलो," ते म्हणाले. "वरण केलं होतं. एकट्याचं मीठ समजत नाई. एक तर कमी होते, नाई तर जास्त." आणि मग, सावकाश, मध्येमध्ये थांबत, ते सांगू लागले. एकच खोली आहे. खिडकीला पडदा पोरीने लावला होता, ती बुऱ्हाणपूरला दिली. खिडकीतून दुपारी एक कवडसा येतो, भिंतीवरून सरकत दारापर्यंत जातो, त्याला बरोबर सव्वा तास लागतो. हे त्यांना माहीत होतं, कारण त्यांनी मोजलं होतं.

तीनला दोन मिनिटं कमी असताना ते थांबले.

"ठेवतो आता. तीनवाले बसले असतील." पण ठेवला नाही. "उद्या हाये न?"