काचसमुद्रीं पोवळें राखिलें त्याची हकीकत

श्रीवरुणदेवता रक्षण करो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास, ते समयीं एका दौलतींत मैनाबाईसाहेब राज्य करीत होत्या. लेक गुणवंता समुद्राकांठीं दिलेली. तिणें आपल्या हौदांतील जिवंत पोवळ्याचा तुकडा मोडून आईस धाडिला आणि सांगून पाठविलें कीं, "आईसाहेब, मी तेथें नाहीं, हें माझे जागीं समजावें." बाईसाहेबांनीं दिवाणखान्यांत काचेचा समुद्र मांडिला, फिरंगी पंप बसविला, निळे दिवे लाविले आणि पोवळें उमललें. मग उन्हाळा पेटला आणि पोवळें मिटलें आणि एका अंगानें पांढरें पडूं लागलें. बाईसाहेबांचें अन्न तुटलें. म्हणाल्या, "लेकीची खूण आहे. राज्य गेलें तरी बेहत्तर, हें मरूं देणार नाहीं!"

मग दरबार भरला आणि काय सांगावें, जो येई तो सल्लागार! ज्यानें जन्मांत मासळी ताटांतच पाहिली, तोही मिशीस पीळ देऊन बोलूं लागला. सरदार हैबतराव म्हणाले, "दिवे वाढवा," आणि वाढविले. राजवैद्य धोंडभट म्हणाले, "दिवे विझवा आणि औषध घाला," आणि तेंही केलें. निव्वळ बारभाईचा कारभार जाहला आणि पोवळें अधिकच पांढरें पडलें. मग बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या आणि हुकूम फर्माविला कीं, "आजपासून सल्ला देणारानें आधीं जबाब द्यावा, आपले घरीं पोवळें जिवंत आहे काय?" हैबतराव म्हणाले, "घरीं नाहीं, परंतु आम्हीं पुष्कळ ऐकिलें आहे." धोंडभट "होतें" म्हणोन खालीं पाहूं लागले. मग किल्लेदारीण उमाबाई पुढें जाहल्या. "आहे. पहिलें माझ्याच हातून मेलें, तेंही सांगत्यें."

बाईसाहेब म्हणाल्या, "मग औषध सांगा."

"औषध मागाहून. उन्हानें पाणी आटतें, तेव्हां भर कशाची घालतां?"

हैबतराव छाती काढून म्हणाले, "समुद्रास समुद्राचेंच पाणी! रोज खाऱ्या घागरी ओततों. विहिरीचें पाणी समुद्रांत घालणें दौलतीस कमीपणा."

उमाबाईंनीं कपाळास हात लाविला. "अहो सरदार, पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. आमटी आटली तर वरून मीठ घालतां कीं पाणी?"

मोजून पाहिलें तों खारटपणा हद्दीबाहेर. तरी हैबतराव कसले ऐकतात! "गोड्या पाण्याचे हंडे रिचवा, आतांच!" म्हणोन ओरडले आणि शिपायांनीं हंडे उचलिले. बाईसाहेब हौदापुढें आडव्या उभ्या ठाकल्या. "खबरदार! एक थेंब पडला तर गांठ माझ्याशीं आहे." उमाबाई म्हणाल्या, "थोडें खारें काढावें, थोडें गोडें घालावें. घाई कराल तर उरलें तेंही जाईल." मग बाईसाहेबांनीं औषधें बंद केलीं, दिवे पूर्ववत् केले, लोटा आपले हातीं घेतला आणि दुसऱ्या कोणास हौदाजवळ फिरकूं दिलें नाहीं. पांढरें पडलें तें गेलेंच. परंतु उरल्या कडेस एके सकाळीं कोंवळ्या शेंड्या बाहेर आल्या आणि बाईसाहेब भर दरबारांत रडल्या.

इतक्यांत लेकीकडील जासूद आला. म्हणाला, "ताईसाहेबांचें पोवळें समूळ मेलें. सासरीं घरभर सल्ले जाहले, ज्यानें जें सांगितलें तें त्यांनीं केलें. आतां म्हणतात, आईस तोंड कसें दाखवूं?" हैबतराव पुढें सरले, "मी सांगतों काय करावें तें..." "सरदार, पुरे!" म्हणोन बाईसाहेबांनीं वांचलेल्या पोवळ्याचा अर्धा भाग आपले हातें मोडिला. मग तो खाऱ्या पाण्यांत घालून स्वारी तडक समुद्राकांठीं गेली.

तेथें लेक रित्या हौदाशीं मान घालून उभी आणि भोंवतीं सासू, नणंदा, जावा, दीर, सर्वांचीं तोंडें चालूच. लेक म्हणाली, "आईसाहेब, माझें काय चुकलें तें तुम्ही तरी सांगा." बाईसाहेबांनीं तिला पोटाशीं धरिलें आणि म्हणाल्या, "मला काय ठाऊक, बाळ? मी तुझा हौद पाहिलाच नाहीं. पहिल्यापासून सांग, मी ऐकत्यें." लेक सांगूं लागली आणि घर प्रथमच गप्प बसलें.

ऐसें वर्तमान घडलें तें लिहिलें. एका पोवळ्याचीं दोन घरें वसलीं. सल्ला देणारानें आधीं पुसावें, इतकेंच मागणें.