राऊत डॉक्टर बाहेरगावी आहेत

राऊत डॉक्टरांचा फोन आला की पहिलं वाक्य असायचं, "बरं, ठेवतो." मग ते दहा मिनिटं बोलायचे. नवखा माणूस पहिल्या वाक्यालाच फोन ठेवून द्यायचा आणि मग डॉक्टर चिडायचे.

त्यांचं सगळंच मागून सुरू व्हायचं. पेपर शेवटच्या पानापासून. जेवायला बसले की आधी ताकभात, आणि भाजीपर्यंत येईस्तोवर पोट भरलेलं. बोर्डीच्या एस्टीत चढताना कंडक्टरला ते आधी परतीची शेवटची गाडी विचारायचे. वहीसुद्धा मागच्या पानावरून लिहायचे, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पानावर सापडायची. कुणी काही सांगू लागलं की हात वर करायचे आणि म्हणायचे, "शेवटून सांगा."

डॉक्टर म्हणजे गुरांचे. नोकरीतून निवृत्त झालेले, बोर्डीला चिकूची वाडी, बायको वारलेली, मुलगी बडोद्याला. डहाणूतल्या आमच्या संस्थेत ते सल्लागार होते आणि मी आराखडे लिहायचो. पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पाट्यांवरचा रंगसुद्धा नीट वाळला नव्हता. नव्या जिल्ह्यात काहीतरी नवं करावं म्हणून गरीब शेतकऱ्यांच्या कोंबड्यांवर संशोधन करायचं ठरलं. खरं सांगतो, मला तेव्हा कोंबडी फक्त ताटात ओळखता यायची.

पहिल्या बैठकीला पुण्याहून मोठे साहेब आले. पडद्यावर तक्ते लागले. गावठी कोंबडी वर्षाला किती अंडी देते, सुधारित जातीची किती देईल. डॉक्टरांचा हात वर गेला.

"साहेब, शेवटून सांगा. ही कोंबडी शेवटी जाते कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मरते कशी? ते ठाऊक नसेल तर तिच्यावर संशोधन कसलं करणार?"

साहेबांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला जीपमध्ये कोंबून तलासरीच्या पुढे एका पाड्यावर नेलं. तिथे लखमी राहायची. साठीची, सडपातळ, घरात एकटी. डॉक्टर तिच्या ओट्यावर मांडी घालून बसले. साहेबांसाठी कुणीतरी खुर्ची आणली.

"लखमीबाय, तुझी कोंबडी शेवटी कुठे जाते?"

लखमीला प्रश्नाचं काहीच नवल वाटलं नाही. "एक पावण्याला, एक देवाला. कुणाचां पोर आजारी पडलां का एक बाजारात."

"आणि अंडी?" साहेबांनी विचारलं.

"अंडी खाल्ली तं पिलां कुठशी येतील?" ती म्हणाली, आणि साहेबांकडे जरा काळजीनेच बघत राहिली.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला पाड्याची एक रीत दाखवली. दिवाळी झाली की इथली माणसं घरांना कड्या घालून वीटभट्ट्यांवर जातात, ती शिमग्याला परततात. तेवढे महिने सगळ्यांच्या कोंबड्या लखमीकडे राहतात. प्रत्येक घराच्या कोंबडीच्या पायाला त्या घराच्या रंगाची चिंधी असते. पिल्लं झाली तर अर्धी मालकाची, अर्धी लखमीची. तिचं वर्षभराचं पोट त्या अर्ध्या वाट्यावर चालायचं, आणि त्याहून मोठं म्हणजे पाड्यात तिला मान होता. आपलं घर सोडून जाणारा माणूस आपली कोंबडी कुणाच्याही हाती देत नाही.

डॉक्टरांनी वही मला दिली. शेवटच्या पानावर ठळक लिहिलं होतं: "दिवाळीनंतर सगळ्या पाड्याच्या कोंबड्या एका अंगणात. मानमोडीच्या रोगाची लस त्याआधी. त्या काळात बाहेरचं एकही पिल्लू तिथे नको."

मी ते पान वाचलं. छान आहे, असंही वाटलं. पण आराखड्याला पानांची मर्यादा होती, साहेबांना तक्ते हवे होते, आणि एका म्हातारीचं अंगण कुठल्या रकान्यात बसवायचं ते मला कळेना. मी ते पान वगळलं. सुधारित जातीची पिल्लं पाड्यावर वाटायची तारीख गाडीच्या सोयीने टाकली, ती पडली पौषात.

त्याच सुमाराला डॉक्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते घरी अडकले. गाडी पाड्यावर गेली. घरांना कड्या. एकच अंगण उघडं होतं, तेव्हा आमच्या माणसांनी सगळ्या टोपल्या लखमीकडेच उतरवल्या. कागदावर लाभार्थी सापडले, फोटो निघाले. आठवड्याभरात आधी नवी पिल्लं माना टाकू लागली, मग पाड्याच्या कोंबड्या. मानमोडीने एकही ठेवली नाही.

शिमग्याला माणसं परतली तेव्हा मी डहाणूच्या ऑफिसात पंख्याखाली बसून अहवाल लिहीत होतो. पुढचं मला जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. लखमीने मेलेल्या प्रत्येक कोंबडीच्या पायाची चिंधी सोडवून ठेवली होती. ज्या घराचं माणूस येईल त्याच्या हातात ती त्याची चिंधी द्यायची. आणि शेजारी काळा चष्मा लावून राऊत डॉक्टर बसले होते, सकाळपासून. प्रत्येकाला सांगत होते, "चूक माझी आहे. हिची नाही."

लोक भांडले नाहीत. पण पुढच्या दिवाळीनंतर कुणीही लखमीकडे कोंबडी ठेवली नाही. कुणी विकून टाकली, कुणी भावकीत दिली.

त्याच दिवसांत डॉक्टर ऑफिसात यायचे बंद झाले. फोनही उचलेनात. मला धास्ती वाटली. एका दुपारी बोर्डीला गेलो, तर घराच्या सगळ्या खिडक्या बंद. बराच वेळ कडी वाजवल्यावर दार चार बोटं उघडलं.

"हळू बोला," डॉक्टर कुजबुजले. "मी बाहेरगावी आहे."

आत अंधारात बसून त्यांनी ताकभात खात खुलासा केला. आशागडहून त्यांनी एक कोंबडी घेतली होती आणि लखमीकडे ठेवली होती, रीतसर, अर्ध्या वाट्याने. मी बाहेरगावी चाललोय, शिमग्याला येतो, असं सांगून. पाड्यातल्या बाया बोर्डीच्या वाड्यांमध्ये चिकू तोडायला येतात. कुणी त्यांना बाजारात पाहिलं असतं तर लखमीला कळलं असतं, आणि उगाच दिलेली कोंबडी तिने चालत येऊन परत केली असती.

"चिंधी कसली बांधलीत?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"आमच्या हिच्या साडीची. हिरवी किनार होती, तिची. नाहीतरी घरात कुणाला दिसणार होती?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, तो आराखडा लिहिताना काय झालं, वेळ फार थोडा होता, पानांची मर्यादा, त्यात साहेबांचा..."

त्यांचा हात वर गेला. "शेवटून सांगा."

"तुमचं शेवटचं पान मी वगळलं. वाचून वगळलं."

"माहीत आहे. डोळ्यांची पट्टी सुटल्यावर आराखडा मी मागूनच वाचला ना."

"मग सगळ्यांसमोर चूक माझी म्हणून का सांगितलंत?"

"कुणीतरी म्हणायला हवं होतं," ते म्हणाले. "तुम्ही आला नव्हतात."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. निघताना त्यांनी मला मागच्या दाराने सोडलं आणि म्हणाले, "शिमग्याला कोंबडी आणायला जायचंय. या वेळी चला माझ्याबरोबर." मी हो म्हणालो.

शिमग्याला ऑफिसात बैठक निघाली. ती मला टाळता आली असती. डॉक्टर एकटेच गेले. ड्रायव्हर सांगत होता, हिरव्या चिंधीची कोंबडी सात पिल्लं घेऊन फिरत होती, आणि लखमीने चार डॉक्टरांच्या टोपलीत घातली, तीन स्वतःकडे ठेवली. पुढे दिवाळी झाल्यावर दोन घरांनी पुन्हा तिच्याकडे कोंबड्या ठेवल्या, पुढच्या वर्षी बाकीच्यांनी.

डॉक्टर आता नाहीत. मी ठाण्याला असतो, अजूनही आराखडेच लिहितो, आणि कुणाचीही वही हाती आली की आधी शेवटचं पान उघडतो. पाड्यावर मात्र कधी गेलो नाही. लखमीला अजून वाटतं, चूक डागतरची होती.