वुकाशिनचा एकटा म्हातारा

“माणूस मुळात एकटा असतो,” हे दिग्दर्शक वुकाशिनचं मत होतं आणि चार माणसं जमली की तो ते मोठ्याने सांगत असे. सिनेमाने हे सिद्ध करावं, तेही खोटेपणा न करता, असा त्याचा हट्ट. म्हणून शेवटच्या दृश्यासाठी त्याने डोंगरातल्या गावात एक बंद घर भाड्याने घेतलं आणि शूटिंग खऱ्या संत निकोलाच्या दिवशीच ठेवलं. कुळाच्या संताचा सण आहे, म्हातारा मेणबत्ती लावून बसलाय आणि कुणीच येत नाही, एवढंच दृश्य. घर संध्याकाळी सोडायचं होतं. दृश्य हुकलं तर सिनेमाच बुडणार होता.

“मासा रबराचा चालेल?” कॅमेरा सांभाळणाऱ्या नेदाने विचारलं.

“रबराच्या माशासमोर खरा एकटेपणा येत नाही.”

उपासाचे दिवस, मांस चालत नाही पण मासा चालतो, म्हणून भला मोठा मासा आला. धुराड्यातून धूर निघाला, खिडकीशी मेणबत्ती लागली. म्हातारा नट रातोमिर उदास होऊन टेबलाशी बसला. कॅमेरा सुरू झाला आणि दार उघडलं. शेजारच्या स्तामेनाआजी आत आल्या.

“उघडलं बाई एकदाचं घर!” म्हणत त्यांनी वुकाशिनच्या गालांचे तीन मुके घेतले. “सण सुखाचा जावो, बाळा!”

“अहो आजी, यजमान तो. तो बसलेला.”

“मला शिकवतोस? सणाला यजमान बसतो कधी? उभा तर तूच आहेस!”

रातोमिरला हे लगेच पटलं. त्याने मासा पुढे ओढला.

“आजी, तुम्हाला कुणी बोलावलं?”

“या सणाला बोलावतात होय? येतात!”

सणाला दारात आलेल्याला घालवायचं नसतं. वुकाशिनचं तत्त्वज्ञान काहीही असो, त्याला वाढवलं होतं त्याच्या आईने. तो मुकाट्याने दारू ओतू लागला. तासाभरात अर्धं गाव आत आलं.

शेवटी त्याने हात जोडले. “पाच मिनिटं बाहेर थांबा. याला एकटं बसू द्या.”

गाव शहाण्यासारखं बाहेर गेलं. नेदाने कॅमेरा लावला. पण खिडकीतून बघणाऱ्या स्तामेनाआजींना राहवेना. “काय मेलं काळीज तुमचं! सणासुदीला म्हाताऱ्याला एकटं ठेवता?” म्हणत त्या परत आत शिरल्या. त्यांना बाहेर काढलं तर पोस्टमन डोळे पुसत शिरला. त्याला काढेपर्यंत पाद्री बाटली घेऊन टेबलाशी. वुकाशिन रडकुंडीला आला. अंधार पडला, घराची किल्ली द्यावी लागली आणि सिनेमा बुडाला.

“पुढच्या वर्षी बेलग्रेडला, तुझ्याकडे!” जाताना सगळे म्हणाले.

वर्ष गेलं. त्याच सणाच्या दिवशी नेदाचा फोन आला.

“वुकाशिन, ते एकट्या माणसाचं दृश्य पुन्हा करायचं का?”

“नंतर बोलू. मासा करपतोय.”

“कोण येणार आहे?”

“कुणी नाही. मी कुणाला बोलावलेलंच नाही.”

“मग?”

“मग काय? खुर्च्या कमी पडतायत. येताना चार घेऊन ये.”