बाकावरचे सभासद

गेनूभाऊंना काहीही होत नसे, आणि तरी दर सोमवारी केसपेपर काढायला ते आमच्या खिडकीशी हजर.

"काय होतंय?" मी विचारायचो.

"मला कुठं काय व्हतंय? तुमी लिवा, राव."

घाटघरच्या वाटेवरच्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो. रुग्ण कल्याण समिती तेव्हा नवीनच निघाली होती आणि तिच्यात रुग्णांचा एक प्रतिनिधी लागायचा. हा माणूस फारसा बोलत नाही, म्हणून सरपंचांनी गेनूभाऊंना घेतलं. तिथेच सरपंच फसले.

नंबर येईपर्यंत ते बाकावर बसत, डॉक्टरांच्या दाराशी पोचले की परत फिरत आणि मला ऐकवत, "आज अडीच तास. आमच्या म्हशीचा डाक्टर लवकर येतो." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

समितीची रीत सोपी होती. सभासदांनी चहा-चिवडा घ्यायचा, कोऱ्या पानावर सही करायची, आणि सभेत काय ठरलं ते मी दुसऱ्या दिवशी निवांत लिहायचं. गेनूभाऊ कोऱ्या पानाला हात लावीनात.

"आदी लिवा. एकट्या आलेल्या पेशंटपाशी कुनीतरी बसावं."

असं पद मंजूर नाही, असं सांगून मी 'चर्चा झाली' एवढं लिहून मोकळा झालो.

"चर्चा न्हाई. बसावं."

तीन सभा हेच. सहीवाचून इतिवृत्त अडलं, त्यापायी समितीच्या पैशातून यायचं मलमपट्टीचं सामान अडलं. शेवटी डॉक्टरांनी मला समजूत काढायला पिटाळलं.

मी पहिल्यांदाच त्या बाकावर बसलो. गेनूभाऊंच्या पलीकडे कुठल्याशा वाडीवरची एक म्हातारी त्यांच्या खांद्यावर मान टाकून खोकत होती. मला वाटायचं, हे नुसते वेळ मोजायला येतात.

"भाऊ, एवढा हट्ट कशापायी?"

"गेल्या साली आमची हिरा एकलीच आली व्हती हितं. मी नारायणगावला टमाट्याच्या तोडणीला. तिला लई ताप. भितीला टेकून बसली. नंबर पुकारला, उठली न्हाई. लोकांना वाटलं, डोळा लागला. मंग फुडचा नंबर पुकारला. बसल्या जागी गेली."

नंबर मीच पुकारायचो. आणि ती बाई मला काही केल्या आठवेना, याची मला फार लाज वाटली.

"भाऊ, तेव्हा खिडकीत मीच..."

"ठावं हाय. तुमाला गर्दी व्हती. शेजारी कुनी असतं, तर त्यानं हाक मारली असती."

मी त्याच दिवशी ठराव लिहिला. आठवड्याने तालुक्याहून कागद परत आला: कोण बसणार, नाव आणि पदनाम कळवा.

"माजं नाव लिवा," गेनूभाऊ म्हणाले.

"आणि पद? सभासद लिहू?"

"हिराचा नवरा लिवा."

मी तसंच लिहिलं. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचलं आणि सही केली.