राऊत सरांचं वादळ

डहाणूच्या समुद्राला नापास करणारा एकच माणूस मी पाहिलाय, आमचे राऊत सर. पारनाक्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी लांब जाऊन बसतं आणि समोर नुसता चिखल उरतो. सर कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "आज यानं काहीच केलेलं नाही."

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, मी भूगोल. आता ते निवृत्त झालेत, पण माझ्या स्कूटरवर मागे बसायचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. ते फक्त वादळं रंगवतात. काळं आभाळ, फुटणाऱ्या लाटा आणि मध्ये एकटीच होडी. आभाळ म्हणजे नियती, लाटा म्हणजे दुःख, होडी म्हणजे माणसाचं मन, हे अख्ख्या स्टाफरूमला पाठ होतं. मी एकदा भरती-ओहोटीचं कारण सांगायला गेलो, तर "चंद्राला मध्ये आणू नका, भावना कुठाय ते सांगा," म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

कैनाडच्या एका बागायतदाराने नव्या बंगल्यासाठी त्यांना आपल्या चिकूच्या वाडीचं चित्र काढायला सांगितलं. सरांनी धुक्यात एक वाकडं झाड काढलं आणि त्याच्यापुढे एक पाठमोरा माणूस. मालकाने चिकू कुठायत ते विचारलं, मग हळूच, हा चोर आहे का, असंही विचारलं. तो माणूस तुम्हीच, अनंताकडे बघताय, असं सरांनी समजावलं. चित्र माझ्याच स्कूटरवरून परत आलं.

थट्टा सोडा, सरांच्या हातात जादू आहे. पण गावात कुणाच्याच भिंतीवर त्यांचं चित्र नव्हतं आणि ते त्यांना फार लागायचं. म्हणून मासेमारीची बोट असलेल्या जयवंतीबाईंनी आमच्या बोटीचं चित्र काढून द्या म्हटल्यावर सर कितीतरी दिवस घराबाहेरच पडले नाहीत.

चित्र घेऊन आम्ही बाईंच्या घरी गेलो. हुबेहूब त्यांचीच बोट, तोच निळा पट्टा, तोच झेंडा, आणि खाली घराएवढी लाट. होडी म्हणजे मन, अशी सरांनी सुरुवात केली.

"सर, चितर झकास हाय," जयवंतीबाई म्हणाल्या. "पन बोटीवर माझा माणूस हाय, पोरगा हाय. ते येईपर्यंत हे मी रोज कसं बघू?"

मुख्याध्यापकांसाठीही कधी एक ढग न हलवलेला हा माणूस पिशवीतून रंग काढून ओट्यावरच बसला. बोट होती तिथेच ठेवली आणि तिच्याखाली लाटेच्या जागी किनारा आणला. डहाणूचाच, सपाट, मातकट, बोंबील सुकत घातलेला. संध्याकाळी बाईंनी दारातून दिसणाऱ्या समोरच्या भिंतीवर खिळा ठोकून चित्र लावलं.

चहा देताना त्यांनी विचारलं, तुमच्या घरी कोणतं लावलंय?

"भिंती मोकळ्याच आहेत," सर म्हणाले. "एकटाच असतो. बघायला कोण येतंय?"

इतकी वर्षं मी त्यांना दारापर्यंत सोडत आलो, आत कधी गेलो नव्हतो.

आम्ही निघालो. गल्ली संपता संपता खांद्यावर हात पडला.

"बाईंचं दार उघडंच असेल ना? परत एकदा तिकडून घ्या."

मी स्कूटर वळवली. दार उघडंच होतं, आणि जयवंतीबाई शेजारणीला चित्र दाखवत होत्या.

"जरा हळू घ्या," सर म्हणाले.