धर्माभाऊ आणि झटका

पेणच्या बाजारात एखादा माणूस मूठ वर करून उभा असला आणि समोरचा टेम्पोवाला गोंधळून थांबला असला, की ते आमचे धर्माभाऊ म्हात्रे समजावेत. भाऊ रिगर होते. अवजड लोखंड क्रेनला बांधायचं आणि हातवारे करून जागेवर उतरवायचं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. शेवटची काही वर्षं डोलवीच्या पोलाद कंपनीत. मूठ म्हणजे थांब, अंगठा वर म्हणजे उचल. कंपनी सुटली, पण हातवारे काही सुटले नाहीत. जेवताना भात पुरे झाला तरी हा माणूस मूठच दाखवतो.

पायाला भिंगरी. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही, त्यामुळे कुणाचं कपाट हललं की भाऊ जिन्यात हजर. "झटका नको! झटका बसला का शंभर किलोचे दोनशे होतात!"

मी नववीला विज्ञान शिकवतो. एकदा शहाणपणा केला, "भाऊ, झटक्यानं वस्तुमान वाढत नाही हो."

त्यांनी पिशवीत दोन नारळ घातले, पिशवीला दोरी बांधली आणि टोक माझ्या हातात दिलं. मग पिशवी वर उचलली आणि दिली सोडून. माझा खांदा आठवडाभर बोंबलत होता. "आता सांगा मास्तर, वस्तुमान!" तेव्हापासून गतीचा दुसरा नियम शिकवताना मी नारळ नेतो. दोरी मात्र खुंटीला बांधतो.

सहा महिन्यांपूर्वी हिरावहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना बंद. तेव्हापासून त्या दुसऱ्या मजल्यावरच. गेल्या महिन्यात निडी गावात त्यांच्या भाचीची हळद होती. "मला न्याच," एवढंच त्या म्हणाल्या. मी आणि तळमजल्यावरचे दोघे शेजारी खुर्ची उचलायला तयार झालो.

धर्माभाऊ तयार होईनात. आधी खुर्चीचा पाय ढिला होता, तो त्यांनी आवळला. मग जिना निसरडा वाटला, तो घासून काढला. मग स्वतः खुर्चीत बसून आम्हाला तीनदा खाली-वर करायला लावलं आणि वर म्हणाले, "डावा कोपरा खाली जातोय." हळदीच्या दुपारी गाडी दारात उभी आणि हे पुन्हा कठडा हलवून बघताहेत. मी चिडलो. "भाऊ, बास झालं! त्यांना न्यायचंय की नाही?"

भाऊ पायरीवर मटकन बसले. त्यांना असं खचून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मास्तर, ती पडली नाय. मी पाडली. यष्टी सुटत होती. मी हात धरून झटक्यात वढली तिला. हात माज्याबरोबर आला, पाय तिथंच ऱ्हायले. जन्मभर लोकांवर वरडलो, आन् घरात..."

जडत्व मी दरवर्षी शिकवतो. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

आतून वहिनींचा आवाज आला, "मास्तरांना काय सांगताय? त्या हाताला मीच व्हते ना! या आता, धरा. तुमी धरल्याबिगर मी खुर्चीत बसायची नाय."

भाऊ उठले. चौथा कोपरा त्यांनी धरला. एरवी दहा सूचना देणारा माणूस शेवटच्या पायरीपर्यंत फक्त आपला कोपरा सांभाळत होता. आम्ही खुर्ची अलगद टेकवली. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"येवढी हलकी झाले का वो मी?"

खरं होतं. सहा महिन्यांत त्या निम्म्या झाल्या होत्या. पहिल्याच पायरीला आम्हा चौघांनाही ते कळलं होतं.

"नाय गो," भाऊ म्हणाले, "मीच जोर जादा लावला."

एकसारख्या वेगानं उतरवताना जोर वजनाइतकाच लागतो, जादा लावून भागत नाही. हे भाऊंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी मास्तर असून चूक काढली नाही. गाडीचं दार उघडून धरलं.